तुम्ही विचारलंत म्हणून: ख्रिस्ती माणसाने पैसा मिळवावा की नाही?

मी कोल्हापुरात गुळाच्या अडत्यांचे आणि काही गुऱ्हाळमालकांचे हिशेब लिहितो, त्यांची करविवरणे भरतो, आणि रविवारी सहकुटुंब चर्चला जातो. ही दोन्ही कामे एकच माणूस करतो याचे मार्केट यार्डातल्या मंडळींना नवल वाटते, आणि चहा घेता घेता कोणीतरी हमखास विचारते, "साहेब, तुमच्या धर्मात पैसा वाईट मानतात ना? मग दिवसभर पैसाच कसा मोजता?" चर्चमधले काही तरुण मला नेमके उलटे विचारतात. विश्वास खरा असेल तर देव भरभराट देतोच, असे त्यांनी कुठल्यातरी प्रवचनात ऐकलेले असते, आणि माझी जुनी दुचाकी पाहून माझ्या विश्वासाविषयी त्यांना शंका येत असावी.

पैसा बाळगणे हेच पाप असते, तर शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली, कितीतरी माणसे अडचणीत आली असती. येशू आणि त्याचे शिष्य गावोगाव फिरत असताना काही स्त्रिया आपल्या पैशातून त्यांचा खर्च भागवत होत्या, असे त्या चरित्रकारांपैकी लूक स्पष्ट लिहितो. येशूचे शरीर ज्या कबरेत ठेवले, ती अरिमथाईच्या योसेफ नावाच्या धनवान माणसाची होती. एका श्रीमंत तरुणाला येशूने सर्व विकून गोरगरिबांना देण्यास सांगितले हे खरे. पण जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले, तेव्हा उरलेल्या अर्ध्याविषयी त्याला काहीच विचारले नाही. तेव्हा अमुक रकमेच्या पुढे पाप सुरू होते, असा तक्ता निदान मला तरी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, सापडलेला नाही.

लोभाविषयी येशूने सांगितलेल्या गोष्टींत मला सर्वांत जवळची वाटते ती लूकच्या बाराव्या अध्यायातली, आणि तिचे कारण माझा व्यवसाय हेच आहे. तिची सुरुवात वाटणीच्या भांडणाने होते. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो की माझ्या भावाला सांगा, वतनातला माझा हिस्सा मला द्यायला. करवीर तालुक्यात एखादा दिवस घालवणाऱ्याला हा संवाद नवा वाटणार नाही. येशू न्यायाधीश होण्याचे साफ नाकारतो आणि एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. त्याची जमीन भरघोस पिकली, धान्य ठेवायला जागा पुरेना, म्हणून त्याने जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले आणि स्वतःलाच सांगितले की आता पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, खा, पी, मजा कर. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. या माणसाने कोणाला फसवलेले नाही, वजनात काटा मारलेला नाही, सगळे उत्पन्न कष्टाचे आणि पावसाचे आहे. माझ्याकडे त्याची खातेवही आली असती तर मी बिनदिक्कत सही केली असती. तरीही देव त्याला मूर्ख म्हणतो. का, हे त्याचे बोलणे सावकाश वाचल्यावर दिसते: माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव. त्या सगळ्या बेतात दुसऱ्या एकाही माणसाचे नाव नाही. ज्यांनी ते पीक कापले, त्यांचेही नाही.

या कापणाऱ्या लोकांना पवित्र शास्त्र विसरत नाही. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, असा मोशेच्या नियमशास्त्रातला आदेश आहे. आणि याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे. गुऱ्हाळाचा हंगाम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या, चुलवाणात चिपाड सारणारा जाळवाला, गुळाचे रवे उचलणारे हमाल, यांची हंगामाआधीची उचल वहीत पहिल्या पानावर ठळक असते, आणि हंगामअखेरचा हिशेब मात्र शेवटच्या पानावर, पेन्सिलीने. सगळेच मालक असे नाहीत. पण मला वह्या पाहाव्या लागतात.

म्हणून संतोषाविषयी बोलताना मी फार जपून बोलतो. पुष्कळदा हा उपदेश पोट भरलेला माणूस रिकाम्या पोटाच्या माणसाला करतो. आमच्या चर्चमधल्या कित्येक घरांत आजोबा-पणजोबांना स्वतःची वीतभर जमीन नव्हती. शिक्षण घेऊन, नोकरी धरून त्यांनी दोन खोल्या बांधल्या, त्यांच्या त्या धडपडीला लोभ म्हणणारा माणूस मला तरी ढोंगी वाटतो. माझ्या समजुतीप्रमाणे संतोष हा माणसाने स्वतःच्या ताटापुरता पाळायचा असतो, दुसऱ्याच्या थकलेल्या पगारावर उतारा म्हणून वापरायचा नसतो.

येशूचा प्रेषित पौल याचे उदाहरण याच बाबतीत उपयोगी पडते. विपुलतेत आणि टंचाईत, दोन्हींत तृप्त राहायला मी शिकलो आहे, हे त्याचे फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातले वाक्य आम्ही लग्नाच्या आशीर्वादापासून अंत्यविधीपर्यंत सगळीकडे ऐकतो. परंतु तो ते बंदिवासातून लिहितो आहे, आणि ते ज्या भागात येते तो भाग म्हणजे फिलिप्पैच्या मंडळीकडून एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती आलेल्या मदतीची पोच आहे. संतुष्ट असलेला माणूस मदत नाकारत नाही, आभार मानतो, आणि ती आली नसती तरी आपले चालले असते हेही नम्रपणे सांगतो. 'शिकलो' असेही तो म्हणतो. म्हणजे हे त्याला जन्मतः येत नव्हते.

भरभराटीची हमी मागणाऱ्या तरुणांना मी एवढेच सांगतो की हे वाक्य लिहिणारा पौल तेव्हा साखळदंडात होता, आणि त्याचा विश्वास कमी पडला असे अजून कोणी म्हटलेले नाही. चर्चमध्येही लोभ वेष बदलून येतो. कापणीच्या सणाला उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो, तेव्हा एका पपईसाठी दोन घरांत चाललेली चढाओढ पाहिली की दान कुठे संपते आणि मिरवणे कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही. पैसे सत्कार्याला जातात, म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवतो.

किती पुरे, असे फारच नेट लावून कोणी विचारले तर मी बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातली आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना सांगतो. तो दारिद्र्यही मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही, गरजेपुरते अन्न मागतो. कारण फार झाले तर मी देवाला विसरेन, आणि काहीच नसले तर चोरी करीन, अशी त्याला स्वतःविषयी खात्री आहे. मागच्या हंगामात हे मी एका अडत्याला सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग यंदा फी का वाढवलीत?" कार्यालयातल्या दोघांचे पगार वाढवले आहेत, असे मी सांगितले. ते खरे होते, पण वाढलेली सगळी फी काही पगारात गेलेली नव्हती, आणि समोरचे गृहस्थ आकडेमोडीत माझ्यापेक्षा कच्चे नव्हते.