टांझानियात बारा वाजता म्हणजे सकाळी सहाला

टांझानियातल्या आरुशा शहरात पोचल्यावर बायकोने आमच्या ड्रायव्हरला ॲपवर पाठ केलेल्या स्वाहिलीत विचारलं, उद्या किती वाजता निघायचं? तो म्हणाला, "सा कुमी ना म्बिली." म्हणजे बारा. आईला बरं वाटलं, निवांत आंघोळ होईल. सकाळी सहाला दारावर थाप पडली, तेव्हा आम्ही तिघंही घोरत होतो. चूक आमचीच. इथे तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळी सात म्हणजे एक वाजला. बस-बोटीची वेळ ठरवताना घड्याळावर बोट ठेवून विचारा.

पिवळ्या तापाची लस लागणार असेल तर ती निघण्यापूर्वी किमान 10 दिवस आधी, अधिकृत केंद्रातच घ्या. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून परतताना या लसीचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये जावं लागू शकतं. आईने साठी ओलांडलेली, म्हणून आधी आमच्या डॉक्टरांना विचारलं, तुम्हीही विचारा. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत उरकून घ्या. परतल्यावर ताप आला तर "आफ्रिकेतून आलोय" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं.

आईने लाडू-चिवडा कॅरीबॅगांत बांधला होता. तिथे जून 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा आदल्या रात्री सगळं डब्यांत भरलं. डॉलरच्या जुन्या नोटाही नेऊ नका, कुणी घेत नाही.

तारांगिरे अभयारण्यात हत्ती भरपूर दिसले, पण आईच्या लक्षात राहिली त्सेत्से माशी. निळा आणि काळा रंग या माशीला ओढतो, आणि आईचा स्वेटर नेमका गडद निळा! कापडातून चावते, सुई टोचल्यासारखी. खाकी किंवा फिकट कपडे न्या. पण स्वेटर हवाच, कारण न्गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर, साधारण 2300 मीटरवर, रात्री दात वाजतात.

दार-एस-सलाम या मोठ्या शहराची मात्र थोडी धास्ती घ्या. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवू नका. अनोळखी गाडीत बसवून एटीएमवर नेऊन पैसे काढायला लावण्याचे प्रकार तिथे होतात. हॉटेलने बोलावलेली किंवा ॲपवरची गाडी घ्या. मोटारसायकलवरून पर्स हिसकावतात, म्हणून पर्स रस्त्याच्या बाजूला लटकवायची नाही. अंधार पडल्यावर चालत फिरणं नको. सरकारी आणि लष्करी इमारतींचे फोटो काढू नका. ऑक्टोबर 2025 च्या निवडणुकीच्या वेळी या शहरात संचारबंदी लागली आणि इंटरनेटही बंद पडलं होतं. तिकीट काढण्याआधी बातम्या बघा.

झांझिबारला जाताय तर तिथला सक्तीचा प्रवास विमा आधीच ऑनलाइन काढा, मोठ्या माणसाला 44 डॉलर. तिथल्या जुन्या शहरात, स्टोन टाउनमध्ये, खांदे-गुडघे झाकलेले बरे.

भाषेची भीती नको. गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', दुकानाला 'दुका' आणि लाखाला चक्क 'लाकी'! ड्रायव्हर आईला 'बीबी' म्हणायचा, तेव्हा बायको खो-खो हसली; स्वाहिलीत त्याचा अर्थ आजी. रोज सकाळी तो आईला 'शिकामो' म्हणायचा, म्हणजे आपल्याकडचं 'पाया पडतो'. त्यावर मोठ्यांनी 'मरहबा' म्हणायचं असतं. आई दोन दिवस 'सुखी राहा'च म्हणत होती, आणि त्याचं काही अडलं नाही.