आमची वाटचाल : सतरंजी कुठे अंथरायची?

अंबाजोगाईत दोन भाड्याच्या खोल्यांत सुरुवात केली तेव्हा आम्ही तिघं होतो: मी, माझी पत्नी आणि ध्वनिमुद्रण ऐकून उतरवून काढणारा एक मुलगा. काम एकच. संस्थांच्या आणि योजनांच्या अभ्यासासाठी खेड्यात गटचर्चा घ्यायच्या. आठ-दहा माणसं, एक विषय, दीड तास.

पहिली चर्चा केज तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाली. विषय पाण्याचा. सरपंचांनी अगत्याने चहा सांगितला आणि समोरच बसले. बायका भिंतीला टेकून, पदर डोक्यावर. ‘नळाला पाणी येतं का?’ सगळ्या म्हणाल्या, ‘येतं.’ घरी येऊन मुद्रण ऐकलं तर दीड तासात बायकांचा आवाज चारदाच, बाकी सगळे सरपंच आणि मी.

तो अहवाल पाठवायला मन धजेना. पदरच्या खर्चाने परत गेलो. या वेळी पत्नीने वस्तीवरच्या एका ओट्यावर सतरंजी टाकली, रात्रीची भांडी आवरल्यावर. मी पाराजवळ गाडीत थांबलो. प्रश्नही बदलला: ‘काल उठल्यापासून काय काय केलंत?’ एक बाई ज्वारी निवडत होती, मान खाली घालूनच बोलली, ‘काल रोजाला गेलेच न्हाई. नळ कधी सुटंल त्याचा नेम न्हाई. सुटला अन् घरी कुणी नसलं, की चार दिस गेले.’ मग एकेक जण बोटांवर बुडालेले रोज मोजू लागली. योजनेच्या कागदावर माणशी रोज ५५ लिटर असतात. नळाची वाट बघण्यात गेलेला दिवस त्यात कुठेच नसतो.

तेव्हापासून जागा आम्ही ठरवतो. मजूर आणि त्याला कामावर बोलावणारा एका सतरंजीवर बसवत नाही. दलित वस्तीची चर्चा त्याच वस्तीत, गावातल्या देवळात नाही. गावातल्या आशाताईंची, म्हणजे आरोग्य खात्याच्या स्वयंसेविकांची, मदत घेतो, पण त्यांनी बोलावलेल्या बायका बहुधा त्यांच्याच गल्लीतल्या असतात, म्हणून शेवटच्या घरापर्यंत स्वतः चालत जातो. दिवसाला दोनच चर्चा. चार करा म्हणणारी कामं सोडली आहेत, आणि त्याचं वाईट वाटत नाही.

एकदा ऊसतोड कुटुंबातल्या आयांशी डिसेंबरात बोलायचं होतं. दिवाळीनंतर बीडच्या गावांत म्हातारी माणसं आणि पोरं उरतात, कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, सगळे कारखान्यावर. आम्ही सांगली भागात त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, गेलो. पहाटे फडात जाणाऱ्या बाईला रात्री दीड तास बसवणं हा अन्यायच, तेव्हा तिघी-तिघींशी चुलीपाशी बोललो.

एका मोठ्या कामाचे पैसे आठ महिने अडकले, तेव्हा पत्नीचे दागिने गहाण ठेवून पगार दिले. त्या दिवसांत धंदा बंद करायचा विचार खरंच आला होता. आता निम्मी रक्कम आधी घेतो. त्यातच गावात परत जाण्याचा खर्च धरतो, कारण अहवाल पाठवण्याआधी तो त्याच ओट्यावर वाचून दाखवतो.

मागच्या वाचनाला एका आजीने हात वर केला. ‘पोरी, मी पाच हंडे म्हणले होते. तू तीन लिवलेस.’ पत्नीने तिथेच तीन खोडून पाच केले आणि ती ओळ पुन्हा वाचली. आजी म्हणाली, ‘हां, आता फुडचं वाच.’