निरोप्या

कुटुंब-समुपदेशनात मूल बहुतेक वेळा तक्रार म्हणून येतं. पोट दुखतं, शाळा नको म्हणतो, रात्री दचकून उठतो. त्याला पुढे करून आईवडील मागच्या खुर्च्यांवर बसतात. इथे लिहितेय ती केसही अशीच आली. (संबंधितांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नऊ वर्षांचा मुलगा. बाबा घरी यायची वेळ झाली की त्याचं पोट दुखायला लागायचं आणि सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासूनच. सगळ्या तपासण्या नॉर्मल निघाल्यावर बालरोगतज्ज्ञांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. "आमच्यात भांडणं नाहीत हो," आईने आल्या आल्या सांगून टाकलं. वडिलांनी मान डोलावली. दोघं खोटं बोलत नव्हते.

थोड्या वेळाने वडिलांच्या तोंडावर ऊन आलं. ते मुलाला म्हणाले, "आईला विचार, पडदा ओढला तर चालेल का." आई त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मुलगा वळला. "आई, बाबा विचारतायत, पडदा ओढू का?" "ओढा म्हणावं." "ओढा म्हणतेय." पडदा ओढला गेला आणि बोलणं पुढे सुरू झालं. यात काही वेगळं घडलं असं तिघांपैकी कुणालाच वाटलं नाही. मुलाचा हात मात्र पोटावर गेला होता, तो तिथेच राहिला.

मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी कुटुंबातल्या त्रिकोणांबद्दल लिहून ठेवलंय. दोघांमधला ताण दोघांना पेलेनासा झाला की ते तिसऱ्याला मध्ये घेतात, आणि घरात हा तिसरा बहुधा मूल असतं. त्यांच्याच कामातून पुढे जेनोग्राम आला. एका कागदावर कुटुंबाच्या निदान तीन पिढ्या काढायच्या. पुरुष चौकोनाने, बाई वर्तुळाने, घटस्फोट असेल तर लग्नाच्या रेषेवर दोन तिरक्या रेघा, वैर असेल तर नागमोडी रेघ. मी तो काढतेच. माणसं माझ्याकडे बघून जे सांगत नाहीत, ते कागदाकडे बघताना सांगून जातात.

पुढच्या वेळी आईला एकटीला बोलावलं. तिच्या आईवडिलांना जोडणारी रेष काढताना पेन थांबलं.

"इथे काय काढायचं? ते बोलत नसत."

"भांडण झालं की?"

"कधीच नाही. मी सात वर्षांची असल्यापासून बाबा जाईपर्यंत."

"मग घर कसं चालायचं?"

"मी होते ना."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मी थोडा वेळ पुढचं काही विचारलंच नाही. मग विचारलं, सातवं वर्ष इतकं नेमकं कसं आठवतं? ती बराच वेळ गप्प होती. त्या वर्षी आईच्या नावाने एक पत्र आलं होतं. आई बाहेर गेली होती, म्हणून हिने ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. त्या रात्रीपासून अबोला. "मीच दिलं ते पत्र," ती म्हणाली. हे तिने आजवर कुणालाही, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पत्रात काय होतं ते तिला माहीत नव्हतं.

लहान मुलाला घरातल्या दुःखाचं कारण कुणी सांगितलं नाही की ते स्वतःकडेच कारण शोधतं. चूक माझी आहे, असं मानलं की निदान ती निस्तरायची सोय राहते. ही बाई तेव्हापासून निस्तरतच होती. स्वतःचं लग्न झाल्यावर नवऱ्याशी बोलणं अवघड झालं, तेव्हा तिला एकच पद्धत ठाऊक होती, आणि ते काम करायला आता घरात एक शहाणा, समजूतदार मुलगा होता.

आजींना बोलावायचं तिनेच ठरवलं. त्याआधी मी आजींना एकट्यांना भेटले. काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवायचा हक्क त्यांचा होता. घरातलं सगळं उघड झालंच पाहिजे, असं मी मानत नाही. पण जे झाकून ठेवलंय त्याची किंमत ज्याला ते ठाऊकच नाही असं माणूस चुकवत असेल, तर ती गोष्ट एकट्याची खाजगी राहत नाही. आजींना हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी दोन दिवस मागितले आणि मग आल्या.

मुलाला त्या दिवशी आणू नका म्हणून बजावलं होतं. खोलीत आजी, मुलगी, जावई आणि मी. आजी सुरुवात करायच्या आतच मुलगी म्हणाली, "आई, ते पत्र बाबांना मी दिलं होतं."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. "तू? मला वाटत होतं, त्यांनीच दारातून उचललं."

मग त्या बोलल्या. लग्नाआधी त्यांना एक मूल झालं होतं. आईवडिलांनी ते दत्तक देऊन टाकलं आणि नवऱ्याकडे त्याचा उच्चारही न करता लग्न लावून दिलं. पत्र त्या मुलाबद्दल होतं. "पत्र तू दिलंस म्हणून नाही गं काही झालं. मी सांगितलं नाही म्हणून झालं. आणि त्याआधी तरी कुठे आमचं बरं होतं! त्यांना कारण मिळालं एवढंच."

मला वाटलं होतं, मुलगी आता त्या भावंडाबद्दल विचारेल. तिने विचारलं, "म्हणजे मी दिलं हे तुला माहीतच नव्हतं?" आईला ठाऊक आहे आणि म्हणूनच ती आपल्याशी तुटक वागते, असं ती आयुष्यभर धरून चालली होती. आजी धरून चालल्या होत्या की मुलगी बापाच्या बाजूची आहे, त्यांनी तिला सगळं सांगितलेलं असणार. एका घरात राहून दोघी एकमेकींच्या शिक्षेला घाबरत होत्या, आणि शिक्षा करणारं तिथे कुणी नव्हतंच. हे ऐकताना मलाही आवंढा गिळावा लागला.

जावई इतका वेळ गप्प होते. ते बायकोकडे वळून म्हणाले, "मला का नाही सांगितलंस कधी?" मध्ये कुणी नव्हतं. तिला उत्तर देता आलं नाही, पण तिने मान वळवली नाही.

मेरी मेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात पालकांच्या त्यांच्या स्वतःच्या बालपणाबद्दल सविस्तर मुलाखती घेतल्या. पालकाचं बालपण किती वाईट गेलं, यापेक्षा तो ते आज कसं सांगू शकतो, सलग आणि प्रामाणिकपणे की तुटक आणि टाळत, याचा संबंध त्याच्या मुलाला वाटणाऱ्या सुरक्षिततेशी जास्त दिसला. या कामातला माझा सगळा विश्वास त्यावर उभा आहे. आजींचा भूतकाळ बदलणार नव्हता, पण त्यांच्या मुलीला तो आता सलग सांगता येणार होता.

नातवाला पत्राचं काही सांगितलं नाही. नऊ वर्षांच्या मुलाला त्याची गरज नाही. त्याला एवढंच सांगायचं ठरलं की आई लहान असताना तिला असेच निरोप न्यावे लागायचे, आणि हे काम त्याचं नाही. तो म्हणाला, "मग तुम्ही बोललाच नाहीत तर?" वडील म्हणाले, "तरी ते आमचं काम." त्याने आईकडे पाहिलं, खात्री करून घ्यायला.

आता ते दोघं मोठ्याने भांडतात. पहिल्या भांडणानंतर आईने घाबरून मला फोन केला. मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांच्या संशोधनात मुलांना नुसत्या भांडणापेक्षा न मिटलेलं भांडण जास्त त्रास देताना दिसलं, अबोलाही त्यांना लागतोच. तिला म्हटलं, मिटलं की मुलाला मिटल्याचं सांगा, नाही मिटलं तर तेही सांगा. पोटदुखी कमी आहे, गेलेली नाही. आजींच्या त्या पहिल्या मुलाचा शोध घ्यायचा का, यावर मायलेकींचं एकमत नाही. मुलीला घ्यायचाय, आजी नको म्हणतात, आणि सध्या आमची सेशन्स त्यावरच चालतात. लग्न टिकेल का, ते मला आज सांगता येत नाही. दोघं वेगळे झाले तर मुलाला ते कोण आणि कसं सांगणार, एवढं त्यांनी आपसात बोलून ठरवलंय.