लोहारकाम शिकवणारी मंडळे

अमेरिकेतील गावोगावचा लोहार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळपास दिसेनासा झाला होता. शेतातले घोडे जाऊन ट्रॅक्टर आले, खिळे आणि बिजागऱ्या कारखान्यांतून येऊ लागल्या, आणि ज्यांच्या हातात हे काम मुरलेले होते ते म्हातारे कारागीर एकेक करून जात होते. अशा वेळी १९७३ साली जॉर्जिया राज्यातील लम्पकिन या लहानशा गावी काही लोहार एकत्र जमले आणि उत्तर अमेरिकेतील कलाकार-लोहारांची संघटना स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘अबाना’ म्हणतात. ब्रिटनमध्ये १९७८ साली अशीच संघटना उभी राहिली.

मी राहतो त्या भागातले, अबानाशी संलग्न असलेले मंडळ ठरलेल्या शनिवारी भट्टी पेटवते. निवृत्त अभियंते, शिक्षिका, शेतकरी, शाळकरी मुले असे सर्व प्रकारचे लोक तिथे येतात, आणि माहिती हातची राखून ठेवणारा अजून तरी मला तिथे भेटलेला नाही. पहिला धडा सळईला टोक काढण्याचा असतो. सळई आधी चौकोनी ठेवूनच निमुळती करायची, मग कोपरे दाबून अष्टकोनी करायची आणि शेवटी गोल. घाईने सुरुवातीलाच गोल करायला गेले की टोक आतून चिरते. पुस्तकात हे एका ओळीत सांगून होते, पण लोखंडाचा केशरी रंग उतरून काळपट लाल होऊ लागताच ‘थांबा, पुन्हा भट्टीत घाला’ म्हणणारे माणूस शेजारी लागतेच.

भट्टीतला सांधा, म्हणजे लोखंडाचे दोन तुकडे तापवून आणि ठोकून एकजीव करणे, त्याहून अवघड. दोन्ही तुकडे पिवळ्यावरून पांढरट होईपर्यंत तापवायचे आणि मध्येच त्यांवर टाकणखार भुरभुरायचा; तो वितळून लोखंडावरचा मळ पातळ करतो आणि पहिल्या हलक्या, झटपट ठोक्यांसरशी मळ ठिणग्यांबरोबर बाहेर उडतो. नवशिका इथे हमखास सगळी ताकद लावतो आणि तुकडे एकमेकांवरून घसरतात. (कोळशाच्या धुराचा वास कपड्यांतून दोन धुण्यांपर्यंत जात नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.) खर्चासाठी ‘टोपीतले लोखंड’ नावाची सोडत असते: प्रत्येकाने घरून जुनी सांडशी, एखादा घडवलेला आकडा असे काहीतरी आणायचे, तिकिटे विकत घ्यायची आणि नंबर लागेल ती वस्तू न्यायची.

अर्थात हे बहुतेक हौशी लोकांचे जग आहे. त्यांतल्या फार थोड्यांची चूल ऐरणीवर चालते. महाराष्ट्रात परिस्थिती नेमकी उलटी आहे. फाळ शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून त्याला पुन्हा टोक काढून देणारा लोहार बलुतेदारीत होता, पण त्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाई आणि जातीबाहेरच्या पोराला भात्यापाशी बसवून शिकवण्याची रीत नव्हती. आजही रस्त्याकडेला पाल टाकून ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे कोयते घडवणारी घिसाडी कुटुंबे दिसतात. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण घालते, आणि धारेला पाणी किती द्यायचे हे दोघांनाही नेमके ठाऊक असते. ते शिकायला मात्र त्यांच्याकडे बाहेरचे कोणी जात नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकाम आहे, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्यही आहे. मात्र ही योजना आधीपासून या धंद्यात असलेल्यांसाठी आहे, आणि ते योग्यही आहे. नव्याने शिकू पाहणाऱ्याची सोय त्यातून होत नाही. ती सोय एखाद्या शाळेची किंवा तंत्रनिकेतनाची कार्यशाळा रविवारी उघडून, घिसाडी जोडप्याला दिवसभराच्या विक्रीपेक्षा जास्त मानधन देऊन आणि येईल त्याला जात न विचारता घण हातात देऊन करता येईल. मानधनाच्या बाबतीत तडजोड करू नये, कारण अमेरिकेतले हौशी शिक्षक फुकट शिकवू शकतात ते त्यांचे पोट दुसऱ्या कशावर तरी भरते म्हणून.