निसर्ग वादळ, सहावीचा वर्ग आणि मायची माळ

मी कोर्लईचा. रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं गाव, डोंगरावर किल्ला, खाली आमची ख्रिश्चन वस्ती. घरात आम्ही बोलतो ती बोली जुन्या पोर्तुगीजातून आलेली, तिला आम्ही 'नो लिंग' म्हणतो, म्हणजे आपली भाषा. शाळा मराठीतून झाली, बाहेर सगळं मराठी, आणि नोकरी मात्र दोह्याला. तिथल्या एका इंटरनॅशनल शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवतो.

२०२० च्या मार्चच्या सुरुवातीला मायच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवसांच्या रजेवर आलो आणि अडकलोच. ९ मार्चला कतारने भारतातून येणाऱ्यांना बंदी केली, लगेच दुसऱ्या दिवसापासून तिथल्या शाळा बंद, मग आपल्याकडची विमानं बंद, मग लॉकडाऊन. शाळेने कळवलं की जिथे असाल तिथून ऑनलाइन शिकवा. मी म्हटलं ठीक, लॅपटॉप आहे, फोनचा हॉटस्पॉट आहे. पण आमच्या घरात रेंज येते ती फक्त पुढच्या खोलीत, त्यातही दारासमोर टेबल लावलं तर, आणि दाराकडे तोंड करून बसलं तरच तोंडावर उजेड. तसं बसलं की पाठीमागे येतो आमचा आल्तार.

आल्तार म्हणजे काय मोठं नाही. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, शेजारी मारियेचा पुतळा, वर लाकडी क्रूस, आजोबांच्या वेळचा. पण शाळेचा नियम स्पष्ट होता, वर्गात शिक्षकाच्या धर्माचं काही दिसता कामा नये. कतारमध्ये दुसऱ्याला आपल्या धर्माचा प्रचार करणं हा गुन्हा आहे. आम्हाला चर्च आहे, २००८ मध्ये उघडलेलं, अवर लेडी ऑफ द रोझरी, पण बाहेरून त्यावर क्रूस नाही की घंटा नाही. गेटवर तपासणी होऊन आत जायचं. मुख्य मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारी. ईस्टरचा रविवार म्हणजे शाळेचा कामाचा दिवस, मी कितीतरी ईस्टर फळ्यासमोर काढलेत.

मला त्यात कधी गुदमरल्यासारखं झालं नाही, खरं सांगतो. माझा धर्म वर्गात बोलून दाखवायची मला गरज नव्हती. वह्या वेळेवर तपासून देणं, मागे पडलेल्या पोराला सगळ्यांसमोर न लाजवणं, पालकांना खोटं प्रगतिपुस्तक न देणं, हीच माझी प्रार्थना असं मी मानायचो आणि आजही मानतो. आईबाप आपलं मूल माझ्या हवाली करतात ते गणितासाठी, त्यांच्या विश्वासाला धक्का लागू नये हे बरोबरच आहे.

म्हणून मी आल्तारासमोर दोन खिळे ठोकून एक पांढरी चादर लावली. वर्गाआधी लावायची, वर्ग संपला की काढायची. मायने पहिल्या दिवशी बघितलं आणि एवढंच म्हणाली, "देवाच्या तोंडावर चादर टाकतोस?" मी तिला नियम समजावला, नोकरीचं सांगितलं. ती परत काही बोलली नाही, पण वर्ग चालू असताना जपमाळ घेऊन त्या चादरीमागे जाऊन बसायला लागली. तीन महिने असं चाललं.

२ जूनच्या संध्याकाळपासून गावात भोंगा फिरत होता. वादळ अलिबागच्या आसपास जमिनीवर येणार, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. होड्या वर ओढल्या होत्या, किनाऱ्यालगतची माणसं शाळेत हलवली होती. म्हातारी माणसं २००९ च्या फयान वादळाची आठवण काढत होती. ३ जूनला सकाळीच लाईट गेली. रात्री मी लॅपटॉप आणि दोन्ही मोबाईल फुल चार्ज करून ठेवले होते कारण साडेअकराला माझा सहावीचा वर्ग होता, दोह्यात तेव्हा नऊ वाजलेले असतात.

त्या दिवशी वर्ग घ्यायला नको होता हे आता कळतं. पण तेव्हा शिक्षकांची कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होतायत की नाही याची रोज नवी बातमी यायची, पगार कापले जात होते, आणि टक्केवारीवरची शेवटची टेस्ट चार दिवसांवर. मला वाटलं अर्धा तास तर आहे, घेऊन टाकू.

बावीस मुलं. इजिप्त, जॉर्डन, सुदान, पाकिस्तान, फिलिपिन्स, आपली केरळची. मी स्क्रीनवर उदाहरण टाकलं, ४० रियालच्या वस्तूवर १५ टक्के सूट, तर किती द्यावे लागतील. बाहेर वारा शिट्टी मारत होता आणि मुलांना ते ऐकू जात होतं, सारखं विचारत होती सर हा कसला आवाज आहे. मी म्हणालो वारा आहे, उदाहरण बघा. एक पाकिस्तानी मुलगी, नेहमी हळू बोलणारी, तिने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून हात वर केला आणि म्हणाली सर आधी ४० चे १० टक्के काढायचे, ते ४...

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. कडी तुटली की बिजागर निसटली ते कळलंच नाही, पण वारा पावसासकट थेट घरात. मागची चादर शिडासारखी फुगली, एक खिळा उपटून निघाला आणि ती माझ्या डोक्यावरून जाऊन दाराच्या चौकटीला अडकली. मी धावत जाऊन दार खांद्याने रेटून लावलं, मागे पाटा-वरवंटा सरकवला, आणि वळून बघतो तर लॅपटॉप टेबलावर तसाच चालू, आणि कॅमेऱ्यात सगळा आल्तार. तसबीर, मारिया, क्रूस, विझलेली मेणबत्ती. आणि खाली पाटावर माय, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, भिजलेले केस, माळ हातात, ओठ हलतायत. एवढं दार आपटलं तरी तिने मणी सोडला नव्हता.

माझ्या पोटात गोळा आला. वाऱ्यापेक्षा जास्त त्याचा. बावीस चौकटी माझ्याकडे बघतायत. कोणाच्या मागे आई उभी असेल, कोणाचा बाप घरूनच काम करतोय. मी टेबलाकडे हात नेला, कॅमेरा बंद करायला.

सुदानचा एक मुलगा म्हणाला, "सर, त्या तुमच्या आई ना? डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या?" मार्चमध्ये रजेचं कारण मी वर्गात सांगितलं होतं, ते त्याच्या लक्षात होतं. मी हो म्हणालो. तो म्हणाला, "त्यांच्या हातात तस्बीह आहे? माझ्या हबोबाकडेपण आहे." हबोबा म्हणजे त्यांच्याकडे आजी. "हबोबाची ९९ मण्यांची आहे. ह्यांची किती?"

मी ५९ म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. मग कोणीतरी म्हणालं माझ्या नानीची ३३ ची, तीच तीनदा फिरवते, आणि मग सगळे माईक उघडले. दारात जे घुसलं होतं ते त्या पोरांना वादळ म्हणून दिसत होतं. आणि मायकडे बघून एकालाही हे आपल्यातलं नाही असं वाटलं नाही. भीती वाटली की आजी मणी ओढते, हे त्यांच्या घरी रोज बघितलेलं.

ती पाकिस्तानी मुलगी म्हणाली, "सर, आम्ही दुआ करू का तुमच्यासाठी?"

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. नियम मला तोंडपाठ होता, पण तो मी मुलांना काय सांगू नये याचा होता, मुलांनी माझ्यासाठी काय करावं याबद्दल त्यात एक ओळ नव्हती. काहींनी हात वर केले, ओंजळ धरतात तसे. फिलिपिनो मुलीने क्रूसाची खूण केली. काही नुसतीच गप्प बसली. माय मागे वळली नाही, तिला इंग्रजी येत नाही, पण तिचा आवाज थोडा मोठा झाला तो मला ऐकू आला. मग स्क्रीन गोठली. सगळे हात तसेच वर असताना.

पुढचे तीन तास मी जास्त लिहीत नाही. आम्ही दोघं आतल्या खोलीत. कौलं एकेक करून उडत होती, प्रत्येक वेळी फुटल्याचा आवाज. शेजारच्यांच्या गोठ्यावर माड पडला. संध्याकाळी बाहेर आलो तर ओळखीची झाडंच नाहीत, आभाळ नको तेवढं मोकळं. पुढे काशीदकडच्या सुरूच्या झाडांचं आणि श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्यांचं कळलं, पिढ्यांची लागवड एका दुपारी आडवी झालेली. ती पांढरी चादर पागोळीच्या वाशाला गुंडाळलेली मिळाली. शेजारच्यांचं अर्धं छप्पर गेलं होतं, मायने ती धुवून त्यांच्या बाळाला अंथरायला देऊन टाकली.

लाईट नाही, रेंज नाही. पाचव्या दिवशी साळावच्या पुलावरून अलिबागच्या बाजूला गेलो, वाटेत अजून झाडं कापत होते, तिथे एकदम फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. को-ऑर्डिनेटरचा ईमेल सगळ्यात वर दिसला. मी गाडी बाजूला घेतली, उघडायची हिंमत होत नव्हती. पाच दिवस मी मनात त्याचंच उत्तर तयार करत होतो. उघडला तर त्यात होतं, जिवंत असाल तर एक शब्द कळवा, पालक रोज विचारतायत, तुमचा तास मी घेते आहे. आल्ताराबद्दल काही नाही. तेव्हा नाही आणि नंतरही कधी नाही.

आणि त्या सुदानी मुलाचा व्हॉइस मेसेज. आधी एका म्हातारीचा आवाज, अरबी, हळूहळू. मग तो इंग्रजीत सांगतो, हबोबा विचारते की आईंचे डोळे बरे आहेत का, घराला छप्पर आहे का, आणि आई आहेत ना.

घरी येऊन मायला ऐकवला. म्हातारीचा आवाज तिने परत लावायला सांगितला, दोनदा. मग म्हणाली, "नाव विचार तिचं." विचारलं, आलं. नाव इथे लिहीत नाही, पण माझ्या आईच्या रोझरीत शेवटच्या दहा मण्यांना ते रोज असतं.

शेवटचा वर्ग जूनच्या मध्यावर झाला, मोबाईलवरून. मोबाईल गावातल्या जनरेटरवर पैसे देऊन चार्ज केलेला. यावेळी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो, आल्तार माझ्यासमोर आणि पाठीमागे दार. नियमही पाळला गेला आणि देवाच्या तोंडावर काही टाकावं लागलं नाही. मार्चमध्ये हे मला सुचलं नव्हतं, उजेडाचाच विचार केला होता, आणि मायला तीन महिने दुखावलं ते मला अजून लागतं. पावसाचा अंधार होता, मुलं म्हणाली सर तुमचा चेहरा दिसत नाही. मायने आल्तारावरची मेणबत्ती उचलून मोबाईलशेजारी ठेवली.

मी म्हणालो, ४० रियाल, १५ टक्के सूट, आपलं राहिलं होतं. त्याच मुलीने हात वर केला. ४० चे १० टक्के ४, त्याचे अर्धे २, म्हणजे ६ कमी.

"३४, सर."