तुम्ही विचारलंत म्हणून : लहान कॉलेज जिंकते, मग पैशाने बिघडते काय?

दर मार्चमध्ये ऑफिसात एनसीएए या कॉलेज-खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेचे ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाला हरवेल याच्या अंदाजाचे तक्ते, भरायला सुरुवात झाली की अमेरिकेत नव्याने आलेली आपली मंडळी, आणि पुण्याहून फोन करणारा माझा भाचासुद्धा, मला एकच प्रश्न विचारतात : कधी नाव न ऐकलेले एखादे कॉलेज दरवर्षी कुठल्यातरी बड्या विद्यापीठाला घरी पाठवते, मग बास्केटबॉलवर कोण किती खर्च करते याने फरक पडतो तरी काय? माझे उत्तर असे की चाळीस मिनिटांच्या एका सामन्यात फरक कमी पडतो. तो सामना जिंकणारा संघ पुढच्या नोव्हेंबरात शिल्लक राहतो की नाही, यात मात्र फार मोठा पडतो.

२०२२ चे सेंट पीटर्सचे उदाहरण मला जवळचे, कारण हे जेझुइट विद्यापीठ मी राहतो त्या जर्सी सिटीतले. न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या आपल्या दुकानांतून किराणा घेऊन निघालेला माणूस तिथे चालत पोहोचेल. पुरुषांच्या बास्केटबॉलवर त्यांचा वर्षाचा खर्च त्या सुमारास साधारण १६ लाख डॉलर होता आणि पहिल्या फेरीत समोर आलेल्या केंटकीचा साधारण १ कोटी ८० लाख. केंटकीचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्या एकट्याच्या पगारात सेंट पीटर्सचा संघ कित्येक वर्षे चालला असता. तरीही आपल्या गटातल्या सोळांत पंधरावे मानांकन असलेल्या सेंट पीटर्सने जादा वेळेत ८५–७९ असा विजय मिळवला, नंतर मरे स्टेट आणि परड्यू यांनाही हरवले, आणि शेवटच्या आठांत पोहोचलेला पंधराव्या मानांकनाचा पहिला संघ असा मान मिळवला. हे कशाच्या बळावर झाले, तर एकमेकांसोबत मुरलेल्या खेळाडूंच्या. केंटकीसारख्या ठिकाणी एकच वर्ष खेळून एनबीएत जाणारी गुणवान मुले येत; लहान कॉलेजात तीन-तीन, चार-चार वर्षे एकत्र घालवलेली मुले असत आणि बचावात कोणी कुठे सरकायचे हे त्यांना सांगावे लागत नसे. लहान कॉलेजाचे भांडवल म्हणायचे तर तेवढेच होते.

ते भांडवल काही आठवड्यांत पांगले. प्रशिक्षक शाहीन होलोवे सीटन हॉलला गेले, खेळाडूंपैकी केसी एनडेफो त्यांच्या मागोमाग तिथेच गेला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला आणि मिशीमुळे देशभर ओळखला जाऊ लागलेला डग एडर्ट ब्रायंटला. हे सगळे पैशासाठी गेले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ब्रायंट काही श्रीमंत नाही. पण प्रशिक्षकाला वरच्या दर्जाची नोकरी मिळाली की संघाची शिवण उसवते, आणि तशी नोकरी देण्याची ऐपत मोजक्यांचीच असते.

नियम बदलले नसते तर हे इतक्या वेगाने झाले नसते. पूर्वी कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला सहसा एक हंगाम बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये ती अट एका बदलीपुरती उठली आणि २०२४ मध्ये बदल्यांवरची मर्यादाच गेली. त्याच २०२१ च्या १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे आणि छबीचे पैसे घेण्याची मुभा मिळाली, ज्याला इथे सगळे एनआयएल म्हणतात. पुढे जून २०२५ मध्ये न्यायालयाने खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली आणि विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. भाचा म्हणाला, म्हणजे आयपीएलच्या पर्ससारखेच की. तसे नाही. आयपीएलमध्ये तेवढी पर्स प्रत्येक संघापाशी खरोखर असते. इथे ती फक्त वरची रेघ आहे, बहुतेक कॉलेजे तिच्या आसपासही पोहोचत नाहीत, आणि बाहेरच्या प्रायोजकांचे करार त्या रेघेच्या पलीकडचे. शिवाय युरोपातल्या फुटबॉलमध्ये खेळाडू गेला तर जुन्या क्लबाला मोबदला मिळतो. इथे मुलाला घडवणाऱ्या लहान कॉलेजाच्या पदरात सहसा काहीच पडत नाही. मुलांना पैसे मिळू नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही, ते फार आधी मिळायला हवे होते. आक्षेप असलाच तर तो या भरपाईविना होणाऱ्या उचलाउचलीला आहे.

तिचा परिणाम बघायचा असेल तर एप्रिल २०२५ चा फ्लोरिडा आणि ह्यूस्टन विद्यापीठांमधला अंतिम सामना बघावा. फ्लोरिडा दुसऱ्या डावात बारा गुणांनी मागे होते, पहिल्या डावात एकही गुण न केलेल्या वॉल्टर क्लेटनने नंतर अकरा गुण केले, आणि अगदी शेवटी ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प तीन गुणांचा फेक घेण्यासाठी उडाला तेव्हा क्लेटन असा धावून आला की शार्पला चेंडू हातातून सोडून द्यावा लागला आणि नियमामुळे पुन्हा त्याला हात लावता येईना. फ्लोरिडा ६५–६३ ने जिंकले. हा क्लेटन आधी आयोना विद्यापीठाचा, म्हणजे सेंट पीटर्सच्याच कॉन्फरन्समधला (हंगामभर आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाला इथे कॉन्फरन्स म्हणतात). त्या संध्याकाळी सर्वाधिक १८ गुण करणारा विल रिचर्ड बेलमाँटचा. अलायजा मार्टिन २०२३ मध्ये शेवटच्या चारांत गेलेल्या फ्लोरिडा अटलांटिकचा. पूर्वी अशी तीन मुले मार्चमध्ये तीन वेगवेगळ्या बड्यांना छळत. आता ती एकाच बड्याच्या जर्सीत होती. त्या वर्षी शेवटच्या सोळांतले सोळाही संघ चार श्रीमंत कॉन्फरन्समधले होते, हा मला योगायोग वाटत नाही.

पैसा ओतला की सुटले, असेही नाही. २०२४ मध्ये मिशिगनमधल्या ओकलंड विद्यापीठाच्या जॅक गोल्की या, कॉलेज-खेळांच्या खालच्या म्हणजे द्वितीय श्रेणीतून आलेल्या खेळाडूने दहा वेळा तीन-तीन गुण मिळवून केंटकीला घरी धाडले होते. शिवाय अमेरिकन फुटबॉलचा मोठा संघ चालवणाऱ्या विद्यापीठांत खेळाडूंसाठीच्या रकमेतला मोठा वाटा फुटबॉलकडे जातो, त्यामुळे बिग ईस्ट या कॉन्फरन्समधली फुटबॉलची फारशी जबाबदारी नसलेली कॉलेजे बास्केटबॉलसाठी हात अधिक सैल सोडू शकतात.

उरलेल्यांनी काय करायचे, याचे सर्वांत हुशार उत्तर मला आयोवा राज्यातल्या ड्रेक विद्यापीठात दिसले. २०२४ मध्ये त्यांचे प्रशिक्षक डॅरियन डेव्हरीस वेस्ट व्हर्जिनियाला गेले, तेव्हा ड्रेकने द्वितीय श्रेणीत चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेल्या बेन मॅककॉलम यांना नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेटहून आणले. मॅककॉलम येताना आपले चार खेळाडू घेऊन आले, त्यांत बेनेट स्टर्ट्झ होता, आणि बाजारात ज्यांना फारशी किंमत नव्हती अशा त्या मुलांनी घड्याळ संपवत संपवत, संथ खेळत ३१ सामने जिंकले. मार्चमध्ये मिसुरीलाही हरवले. हंगाम संपताच शेजारच्या आयोवा विद्यापीठाने मॅककॉलमना बोलावले आणि स्टर्ट्झही तिकडे गेला. ड्रेकने मग साउथ डकोटा स्टेटचे प्रशिक्षक एरिक हेंडरसन यांना उचलले, आणि नवा प्रशिक्षक शोधायची पाळी साउथ डकोटा स्टेटवर आली.