चपातीला चपातीच म्हणतात

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या त्या घराची किल्ली परत करून आले, तेव्हापासून कशात मन लागत नाही. म्हणून लिहायला बसले.

मी नोकरी करते ते अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यातलं छोटं कॉलेज चर्चने सुरू केलेलं आहे. प्राध्यापकांसाठी बांधलेल्या जुन्या घरांपैकी एक घर निर्वासित कुटुंबांसाठी राखून ठेवलेलं होतं. ही कल्पना याच राज्यातल्या ग्रीन्सबरोची. २०१५ साली सीरियातून माणसांचे लोंढे युरोपकडे निघाले होते आणि पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक पॅरिशने, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या मंडळीने, एका कुटुंबाला आसरा द्यावा असं आवाहन केलं. तिथल्या गिलफर्ड कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या दिया अब्दो स्वतः पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरातल्या. पॅरिशने जे करायचं ते कॉलेजला का जमू नये, असं त्यांच्या मनात आलं. कॉलेजकडे घरं असतात, खाणावळ असते, हाताशी शेकडो तरुण मुलं असतात. गिलफर्ड हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं कॉलेज, १८३७ पासूनचं. गुलामगिरीतून पळालेली माणसं एकेकाळी तिथल्याच रानात लपत आणि पुढे उत्तरेकडे जात. गिलफर्डचं पाहून आमच्यासारख्या कॉलेजांनीही घरं उघडली.

कुटुंब येण्याआधी घर कसं लावायचं याची एक यादी असते. माणशी एक गादी, माणशी एक टॉवेल, माणशी ताट-वाटी-चमचा. निदान एक पातेलं. डबा उघडायची चावी. गजराचं घड्याळ. सरकारी कागद म्हणजे रुक्ष असणार असं धरून मी वाचत होते. एका ओळीवर थांबले: कुटुंब दारात येईल तेव्हा त्यांच्या सवयीचं, लगेच खाता येईल असं जेवण घरात तयार असलं पाहिजे. हा चांगुलपणा नव्हे, नियम आहे! विमान रात्री दोनला उतरलं तरी लागू. कोणाच्या तरी डोक्यात आलं असेल, की दोन दिवस प्रवास करून आलेल्या आईला पहिल्याच रात्री परक्या स्वयंपाकघरात उभं करू नये. मी इथे आले तेव्हा पहिल्या रात्री बिस्किटं खाऊन झोपले होते, त्यामुळे ती ओळ मला फार लागली.

येणार होतं ते कुटुंब काँगोचं. टांझानियातल्या न्यारुगुसू छावणीत त्यांची सोळा वर्षं गेली होती. जेवणात काय हवं त्या रकान्यात लिहिलं होतं: राजमा, पालेभाजी, चपाती. स्वाहिलीत चपातीला चपातीच म्हणतात आणि चहाला चाय. माझ्या सहकाऱ्यांनी आपसूक माझ्याकडे पाहिलं. मी चाळीस चपात्या लाटल्या, फडक्यात गुंडाळून डब्यात भरल्या. रात्री साडेबाराला ती माणसं आली. धाकटी मुलगी कोटातच झोपली होती. आईने झाकण काढलं, एक चपाती उचलून हातावर तोलली, मग कडेचा तुकडा मोडून आधी मुलाच्या तोंडात घातला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "चपाती." मीही तेच म्हटलं. त्या रात्री तेवढं बोलणं पुरलं.

हे फोनवर सांगितलं तेव्हा आत्याचा पहिला प्रश्न आला, "बाटवत नाहीत ना गं त्यांना?" प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून नीट उत्तर देते. सरकारी पैशावर हे काम करणाऱ्या संस्थांना त्या कामात धर्मप्रचार करायला मनाई आहे, आणि आम्हाला पहिल्याच बैठकीत ते बजावलं होतं. कुटुंबाला चर्चला चला म्हणायचं नाही, छावणीत काय सोसलं ते आपणहून विचारायचं नाही. परक्याला घरात घेतलंत ते मलाच घेतलंत, असं येशू बायबलमधल्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात म्हणतो. आमचे विद्यार्थी त्याच श्रद्धेने आले होते, पण त्यांनी मुकाट्याने पलंग जोडले, पडदे लावले. फिलाडेल्फियाच्या ज्या कॉलेजात आपल्या आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या, तेही १८५० मध्ये क्वेकरांच्याच पुढाकाराने उभं राहिलं होतं. त्या हिंदू म्हणून गेल्या आणि हिंदू म्हणूनच परतल्या.

आणि आपण कमी आहोत असं मला मुळीच म्हणायचं नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. तेव्हा आपण स्वतः पारतंत्र्यात होतो! इथे कोणी भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केली नाही असं ऐकवलं, की मी वळिवड्याची गोष्ट काढतेच. २०२० मध्ये नाशिक महामार्गावरून पायी निघालेल्या मजुरांचे फोटो मात्र मला कोणी दाखवले तर बोलणं सुचत नाही. मी तेव्हा इथे होते, तिकडे असते तर डबे घेऊन रस्त्यावर उतरले असते. असं मी स्वतःला सांगते.

इथेही सगळं गोड नाही. विमानभाडं निर्वासितांना कर्ज म्हणून मिळतं. व्याज नसतं, पण काही महिन्यांत हप्ते सुरू होतात. चपातीवाली ती ताई हॉटेलात चादरी बदलून अजून ते फेडते आहे. आणि २० जानेवारी २०२५ ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी निर्वासितांना देशात आणण्याचा हा सगळा सरकारी कार्यक्रमच थांबवायचा आदेश काढला. ज्यांची तिकिटं निघाली होती त्यांचीही विमानं रद्द झाली. आमच्याबरोबर पलंग जोडणाऱ्यांतलेच काहीजण म्हणाले, देशाने थोडं थांबायला हवं होतं. त्यांच्या हातचे ते पलंग, त्यांच्याशी भांडायचं तरी कसं? मी भांडले. अजून बोलणं धड नाही.

पुढचं कुटुंब त्या ताईच्या भावाचं होतं, फेब्रुवारीत यायचं होतं. यादीप्रमाणे सहा गाद्या, सहा टॉवेल, घड्याळ, सगळं लावून झालं होतं. घर वर्षभर तसंच राहिलं. आता कॉलेजला ते दुसऱ्या कामाला हवं आहे, आणि तेही चूक नाही.

भाऊ अजून न्यारुगुसूतच आहे. परवा ताईने फोन करून विचारलं, घर दिलं तर गाद्या कुठे ठेवल्या? म्हटलं, माझ्या गॅरेजमध्ये आहेत, प्लास्टिकमध्ये बांधून.